बुधवारची सुनावणी

हातातलं काम चालू ठेवा, शेंगा फोडत असाल तर फोडा, पण कान इकडे द्या. आज आम्ही तुम्हाला एका दारूच्या गुत्त्याची गोष्ट सांगणार आहोत.

विषय ठरला तेव्हा आमच्या गटातल्या एक मावशी चिडल्याच. म्हणाल्या, "अगं, गावातलं दुकान बंद करायला आपण उन्हातान्हात घरोघर फिरलो, आडव्या बाटलीवर शिक्के मारून घेतले, आणि आता रेडिओवर गुत्त्याचं कौतुक?" मावशींचं बरोबर आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींनी ही लढाई लढलेली आहे. पण ही गोष्ट दारूची नाही. ती एका घराची आहे, त्या घरात दर बुधवारी होणाऱ्या सुनावणीची आहे, आणि एका कागदाची आहे. पुरी ऐकल्यावर मावशीच म्हणाल्या, "ही सांगा. ही सांगितलीच पाहिजे."

हे घर आहे अमेरिकेत, न्यू यॉर्क शहरात, पर्ल स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर. नाव आहे फ्रॉन्सेस टॅव्हर्न. आज तिथे संग्रहालय आहे. टॅव्हर्न म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. अमेरिकेत इंग्रजांचं राज्य होतं, तेव्हा लोक घोड्यावरून नाहीतर जहाजातून प्रवास करायचे. वाटेत उतरायला, जेवायला, झोपायला जी जागा असायची ती टॅव्हर्न. तिथे दारू मिळायचीच. पण व्यापारी तिथेच सौदे करायचे, वर्तमानपत्रं तिथेच वाचली जायची, लिलाव, सभा, राजकारण, सगळं तिथेच. आपल्याकडची खानावळ, धर्मशाळा, चावडी आणि बाजारातला कट्टा एका छपराखाली आणला, की टॅव्हर्न झाली असं समजा.

हे घर मुळात कुणाचं होतं? डीलान्सी नावाच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याने ते १७१९ मध्ये राहण्यासाठी बांधलं. जागा त्याला सासऱ्याकडून मिळालेली. म्हणजे जमीन आली बायकोच्या माहेरची, आणि घर ओळखलं गेलं नवऱ्याच्या नावाने. हे ऐकून आमच्या बैठकीत सगळ्याजणी एकमेकींकडे बघून हसल्या. पुढे १७६२ मध्ये सॅम्युएल फ्रॉन्सेस याने ते घर विकत घेतलं आणि तिथे टॅव्हर्न सुरू केली. दारावर पाटी लावली राणीच्या मुखवट्याची, म्हणून लोक तिला 'क्वीन्स हेड' म्हणायचे. १७६८ मध्ये न्यू यॉर्कच्या व्यापाऱ्यांनी आपला व्यापारी संघ इथेच स्थापन केला. इंग्रजांच्या चहाला विरोध करणारे लोकही इथेच जमायचे. १७७५ मध्ये इंग्रजांच्या लढाऊ जहाजाने शहरावर तोफा डागल्या, त्यातला एक गोळा या टॅव्हर्नच्या छपरातून आत शिरला.

आता त्या शहराची दुसरी बाजू. आपल्याला वाटतं अमेरिकेतले गुलाम म्हणजे दूर दक्षिणेकडच्या कापसाच्या आणि तंबाखूच्या शेतातले. पण न्यू यॉर्कमध्येही गुलाम होते. अठराव्या शतकाच्या मध्याला या शहरात साधारण पाच माणसांमागे एक माणूस गुलाम होता. आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं आणि त्यांची लेकरं. टॅव्हर्नपासून थोड्याच अंतरावर, वॉल स्ट्रीटच्या टोकाशी, १७११ पासून १७६२ पर्यंत गुलामांचा बाजार होता. तिथे बाई विकली जायची, तिचं मूल वेगळं विकलं जायचं. श्रीमंतांच्या घरात पाणी भरणं, चूल पेटवणं, कपडे धुणं, पोरं सांभाळणं ही कामं गुलाम बायकाच करायच्या. आणि त्या काळच्या कायद्याने आई गुलाम असेल तर मूलही गुलाम. बाप कोण हे विचारायचं कारणच नव्हतं.

१७७५ मध्ये अमेरिकेतल्या लोकांनी इंग्रजांविरुद्ध स्वातंत्र्याचं युद्ध सुरू केलं. जॉर्ज वॉशिंग्टन त्यांचे सेनापती. स्वातंत्र्य, समता, माणसाचे हक्क, असे मोठे शब्द तेव्हा सगळीकडे घुमत होते. पण ते शब्द बोलणाऱ्या पुष्कळ पुढाऱ्यांच्या घरी गुलाम होते. खुद्द वॉशिंग्टन यांच्या जमिनीवर गुलाम राबत होते.

इंग्रजांनी याचा फायदा घेतला. १७७९ मध्ये त्यांच्या सेनापतीने जाहीर केलं, की बंडखोरांचे जे गुलाम पळून आमच्या बाजूला येतील त्यांना आम्ही आसरा देऊ, त्यांना कुणी विकू शकणार नाही. हे काही दयेपोटी नव्हतं. शत्रूचं बळ कमी करायचं होतं आणि फौजेला कामाला माणसं हवी होती. पण ज्याच्या पायात बेडी आहे त्याने किल्ली कुणाच्या हातातली आहे हे बघत बसायचं का? हजारो माणसं निघाली. बायका निघाल्या. पोटाशी मूल बांधून, रात्री चालत, दिवसा लपत. न्यू यॉर्क तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं, तिथे त्या पोहोचल्या. फौजेसाठी कपडे धुतले, शिवले, स्वयंपाक केला, जखमी सैनिकांची सेवा केली. काम तेच, जे आधी करत होत्या. फरक एवढाच की आता त्या कुणाच्या मालकीच्या नव्हत्या. एवढाच म्हणतो आम्ही, पण त्या 'एवढ्याच'साठी त्यांनी जीव पणाला लावला होता.

मग युद्धात इंग्रज हरले. तहाची कलमं ठरली. त्यातल्या सातव्या कलमात लिहिलं होतं, की इंग्रजांनी परत जाताना अमेरिकन लोकांचे गुलाम किंवा दुसरी मालमत्ता घेऊन जाऊ नये. 'गुलाम किंवा दुसरी मालमत्ता.' शब्द नीट ऐका. बैल किंवा दुसरी मालमत्ता म्हणावं तसं.

ही बातमी न्यू यॉर्कमध्ये पसरली आणि पळून आलेल्यांचं धाबं दणाणलं. जुने मालक शहरात येऊ लागले. रस्त्यात दिसला माणूस की धर, घरात झोपला असेल तर बिछान्यातून ओढ. बोस्टन किंग नावाचा एक माणूस या लोकांतलाच. त्याने पुढे आपली हकीकत लिहून ठेवली. तो सांगतो, की त्या दिवसांत आम्हाला अन्न गोड लागत नव्हतं आणि डोळ्याला डोळा लागत नव्हता.

इंग्रजांचा मुख्य सेनापती होता सर गाय कार्लटन. मे १७८३ मध्ये त्याची आणि वॉशिंग्टन यांची भेट झाली. वॉशिंग्टन यांनी गुलाम परत मागितले. कार्लटन म्हणाला, ज्यांना आमच्या सरकारने आधीच स्वातंत्र्याचा शब्द दिला ते तहाच्या वेळी कुणाची मालमत्ता उरलेच नव्हते, त्यांना परत देणं म्हणजे शब्द मोडणं. मात्र कोण कोण गेलं याची आम्ही नोंदवही ठेवतो, म्हणजे पुढेमागे मालकांना भरपाई द्यायची ठरली तर हिशेब सापडेल.

इथे आपलं घर गोष्टीत येतं. शहराचा इंग्रज अधिकारी होता ब्रिगेडियर जनरल सॅम्युएल बर्च. तो एकेका माणसाला दाखला द्यायचा: हा माणूस आमच्या जाहीरनाम्यावर विसंबून आला आहे, त्याला हवं तिथे जायची मुभा आहे. ज्याच्या हातात हा कागद, त्याला जहाजात जागा. पण कुणी मालक येऊन म्हणाला, ही बाई माझी, तर? अशा तक्रारी ऐकायला एक मंडळ नेमलं. इंग्रज अधिकारी आणि अमेरिकन प्रतिनिधी समोरासमोर बसायचे. बसायला जागा निवडली फ्रॉन्सेस टॅव्हर्न. मे पासून नोव्हेंबरपर्यंत, दर बुधवारी, सकाळी दहा ते दुपारी दोन.

जरा डोळ्यांसमोर आणा. टेबलापाशी गणवेशातले साहेब, बाजूला खरेदीखत हातात घेतलेला मालक, आणि समोर उभी एक बाई, जिला लिहिता येत नाही, जिच्याजवळ सांगण्याशिवाय काहीच नाही.

त्यातली एक होती ज्युडिथ जॅक्सन. व्हर्जिनियातल्या नॉरफोकची, पन्नाशी उलटलेली. तिचा मालक इंग्लंडला निघून गेला, तेव्हा ती इंग्रज फौजेकडे आली आणि तोफखान्याच्या लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून पोट भरू लागली. मग आयलबेक नावाचा माणूस उपटला. म्हणाला, तिच्या मालकाकडून मी तिला विकत घेतलंय. ज्युडिथने सप्टेंबर १७८३ मध्ये थेट कार्लटनकडे अर्ज केला. अर्जात तिने सांगितलं, की या माणसाने माझे कपडे नेले, माझे पैसे नेले, आणि माझं मूल चोरून व्हर्जिनियाला पाठवून दिलं. मंडळाला निर्णय करता आला नाही, त्यांनी प्रकरण वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवलं. शेवटी तिला दाखला मिळाला. नोव्हेंबर संपता संपता, इंग्रजांच्या अगदी शेवटच्या जहाजांमधून ती निघून गेली. सुटली. पण मूल मागेच राहिलं. मैत्रिणींनो, या सुटकेला काय म्हणायचं, हे आम्हाला सांगता येत नाही.

सगळ्यांनाच न्याय मिळाला असंही नाही. एका बापाने आपली दोन लेकरं बीकमन नावाच्या मालकाच्या घरातून काढून जहाजापर्यंत नेली होती. मालकाने दावा केला. लेकरांची आई त्याच्या सासरच्यांची गुलाम होती, म्हणून लेकरं त्याची, असा हिशेब. मंडळाने लेकरं मालकाच्या हवाली केली. त्याच घरात, तशाच एका बुधवारी.

आता ती नोंदवही. इंग्रजांनी तिला 'बुक ऑफ निग्रोज' म्हटलं. तो शब्द त्या काळचा आहे आणि आज कुणी कुणाला असं म्हणू नये. जहाजाचं नाव, माणसाचं नाव, वय, वर्णन, आधीचा मालक, शेरा, असे रकाने. आपल्या गटाच्या रजिस्टरसारखेच आखलेले. त्यात ३,००० माणसांची नोंद आहे: १,३३६ पुरुष, ९१४ बायका आणि ७५० मुलं. सगळेच मुक्त नव्हते. इंग्रजांच्या बाजूच्या मालकांबरोबर गुलाम म्हणूनच गेलेलेही त्यात आहेत. तरीही, ९१४ बायकांची नावं, वयासकट, एका वहीत. त्या काळात राजघराण्याबाहेरच्या बायकांची अशी नोंद जगात कितीशी सापडते?

त्यातली एक नोंद आम्ही पुन्हा पुन्हा वाचली. डेबोरा, वय २०, नवऱ्याचं नाव हार्वी, जहाज पॉली. आणि आधीच्या मालकाच्या रकान्यात लिहिलंय, जनरल वॉशिंग्टन. होय, तेच. १७८१ मध्ये एक इंग्रज जहाज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन या गावच्या घराजवळ नदीत आलं, तेव्हा तिथले १७ गुलाम त्यावर चढून गेले. डेबोरा त्यांच्यातली. वॉशिंग्टन आपल्या पळालेल्या माणसांचा तपास करत होते, पण बुधवारच्या सुनावण्या सुरू होण्याआधीच, एप्रिल १७८३ च्या अखेरीस, डेबोराचं जहाज निघण्यासाठी नोंदवलं गेलं होतं. ती हाती लागली नाही.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला इंग्रज फौज न्यू यॉर्क सोडून गेली. आणि ४ डिसेंबर १७८३ ला वॉशिंग्टन त्याच फ्रॉन्सेस टॅव्हर्नमध्ये आले. वरच्या मजल्यावरच्या लांब दालनात त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांचा निरोप घेतला. टॅलमॅज नावाच्या अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय, की सेनापतींच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यांनी एकेकाला मिठी मारली. खरंच हृद्य प्रसंग असणार. आठ वर्षं एकत्र लढलेली माणसं होती ती.

या एका निरोपामुळे पुढे हे घर वाचलं. नाहीतर ते कधीच गेलं असतं. एकोणिसाव्या शतकात त्याला आगी लागल्या, मजले चढवले गेले, मूळ रूप ओळखू येईना. १९०० च्या सुमारास ते पाडायचं घाटत होतं. तेव्हा ते वाचवण्यासाठी पुढे आलेल्यांत बायकांच्या संघटना होत्या. त्यांनी सरकारदरबारी खेटे घातले. पुढे 'सन्स ऑफ द रेव्होल्यूशन' या संस्थेने १९०४ मध्ये घर विकत घेतलं. त्यासाठी पैसा आला त्याच टॅलमॅजच्या नातवाने ठेवलेल्या देणगीतून. डागडुजी करून, बराचसा भाग अंदाजाने पुन्हा बांधून, ४ डिसेंबर १९०७ ला, म्हणजे निरोपाच्याच तारखेला, ते लोकांसाठी खुलं झालं. 'सन्स' म्हणजे लेक. लेकांचं नाव पाटीवर आलं. खेटे घालणाऱ्या लेकींचं कितीजणांना माहीत असेल?

कितीतरी वर्षं लोक तिथे यायचे, ते निरोपाचं दालन बघायला. तोफेचा गोळा, सेनापती, अधिकारी, मेजवानी, हे सगळं सांगितलं जायचं. बुधवारच्या सुनावण्यांची गोष्ट मागे पडली होती. कागद होते, पण कुणी ते त्या घराशी जोडून सांगत नव्हतं. आता अलीकडे संग्रहालयाने त्यावरही प्रदर्शन मांडलं आहे. दोनशेहून अधिक वर्षांनी ज्युडिथ जॅक्सन त्या घरात परत आली म्हणायची. या वेळी तिला कुणी ओढून नेणार नाही.

आमच्या बैठकीत या गोष्टीवर खूप बोलणं झालं. एक ताई म्हणाल्या, "म्हणजे घर एकच, पण कोण आठवायचं हे सांगणारा ठरवतो." दुसरी म्हणाली, "आणि सांगणाऱ्यालाही शेवटी वहीच लागते." दोघींचं खरं आहे. ती नोंदवही काही त्या बायकांच्या मानासाठी लिहिलेली नव्हती, ती मालकांच्या भरपाईसाठी होती. वर्णनाच्या रकान्यात जनावराचं वर्णन करावं तसे शेरे आहेत: धट्टी आहे, देवीचे व्रण आहेत. डेबोराला स्वतःला काय वाटत होतं, जहाज सुटताना तिने मागे वळून पाहिलं का, हे कुठल्याही रकान्यात नाही. तरी त्या वहीत नाव आलं म्हणून आज आपण तिच्याबद्दल बोलतो आहोत. ज्या आल्या नाहीत त्या गेल्याच.

पुढे त्यांचं काय झालं, तेही सांगतो. बहुतेकांना कॅनडाकडच्या नोव्हा स्कोशियात उतरवलं. तिथे त्यांनी एक गाव वसवलं, त्याला दाखल्यावर सही करणाऱ्याचंच नाव मिळालं: बर्चटाउन. कबूल केलेली जमीन कित्येकांना मिळाली नाही, मिळाली ती खडकाळ, आणि थंडी हाडं फोडणारी. १७९२ मध्ये त्यांच्यातली सुमारे १,२०० माणसं पुन्हा जहाजात बसून आफ्रिकेत सिएरा लिओनला गेली आणि फ्रीटाउन शहर वसवलं. कागद मिळाला म्हणजे सुख मिळालं असं होत नाही. पण कागदाशिवाय जहाजावर पाऊलच ठेवता येत नव्हतं.

कागदाची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. आमच्या गटातल्या एक आक्का आहेत. माहेरचं नाव एक, सासरी नाव बदललं, आधारवर तिसरंच छापून आलं. नवरा गेल्यावर पैसे काढायची वेळ आली, तेव्हा तिन्ही नावांची बाई एकच आहे हे सिद्ध करायला त्यांना किती चपला झिजवाव्या लागल्या! काउंटरवरचा माणूस त्यांना विचारत होता, "ह्या तुम्हीच कशावरून?" आक्का आम्हाला म्हणाल्या होत्या, "साठ वर्षं जगले, आणि आता मी मीच आहे याला साक्षीदार आणू?" त्या वेळी गटाचं जुनं रजिस्टर आणि त्यातल्या दर महिन्याच्या सह्या त्यांनी सोबत नेल्या. त्यानेच सगळं झालं असं नाही, शपथपत्र करावंच लागलं. पण स्वतःच्या हाताने केलेल्या एवढ्या सह्या एका जागी बघून आक्कांचा आवाज चढला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. ज्युडिथची गोष्ट वाचली तेव्हा आम्हाला पहिल्यांदा आक्का आठवल्या. ज्युडिथवर आलेलं संकट फार मोठं, आपली त्याच्याशी बरोबरी नाही. पण टेबलापलीकडून येणारा तो प्रश्न ओळखीचा वाटला.

म्हणून मैत्रिणींनो, एक विनंती. गटाचं इतिवृत्त लिहिताना आपण घाईघाईने 'सर्व सदस्य हजर होत्या' असं लिहून मोकळ्या होतो. तसं करू नका. नावं लिहा, पूर्ण लिहा, माहेरचं नाव हवं असेल तर तेही लिहा. कुणी काय म्हटलं ते तिच्याच शब्दांत लिहा, म्हणजे शेऱ्याचा रकाना दुसऱ्या कुणाला भरावा लागणार नाही. आणि गावात एखादी जुनी चावडी, वाडा, धर्मशाळा असेल, तर म्हाताऱ्या बायकांना विचारा, तिथे पाणी कोण भरायचं, दळण कोण दळायचं, बाळंतपणं कुणी केली. पाटीवर नसलेली नावं त्यांच्या तोंडी अजून आहेत. ती विचारायला आपल्याकडे फार वर्षं नाहीत.

आमच्या मावशींनी आता वहीच्या पहिल्या पानावर आडव्या बाटलीला शिक्का मारणाऱ्या सगळ्याजणींची नावं लिहायला घेतली आहेत. परवा म्हणत होत्या, दोघी देवाघरी गेल्यात, त्यांचीही लिहायची. लिहा म्हटलं मावशी, त्यांची आधी लिहा.

येतो आम्ही. नमस्कार.